कार्ल्याला नॉर्विच म्हणताना

चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की कार्ल्याची लेणी जवळच. तिथल्या चैत्यगृहाची मांडणी आणि मापं इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या गायकवृंदाच्या दालनासारखी आहेत, असं स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या ग्रंथात नोंदवलं. सुमारे १२४ फूट लांबी, ४५ फूट रुंदी, दोन्हीकडे पंधरा-पंधरा खांब, टोकाला अर्धवर्तुळ. नकाशापुरतं ते पटतं. साहेबाला सगळीकडे चर्चच दिसायचं, असा आक्षेप लगेच येईल. पण लंडनच्या वाचकाला कार्ले समजवायचं तर त्याच्या ओळखीचंच माप हवं, त्यामुळे हा आक्षेप मला आळशी वाटतो. गफलत वेगळीच आहे. नॉर्विच दगडावर दगड रचून उभं राहिलं, कार्ले कातळातून दगड काढून टाकत. छताच्या सागवानी फासळ्या तर काहीच पेलत नाहीत. त्या लाकडी इमारतीची नुसती आठवण आहेत. नकाशाच्या रेघेत हा फरक येत नाही, कोळशाच्या चित्रात येऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात कोळशाने काम करणारे चित्रकार आधी कागद काळा करून मग पावाच्या गोळीने उजेड उचलून घेत. म्हणजे चर्च काढतानाही हात चालायचा तो लेणं खोदणाऱ्याचा! हे रूपक ताणलेलं आहे, असं कुणी म्हणेल. मात्र कार्ल्यातला उजेडही असाच काळ्यातून उचललेला वाटतो. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. उतरतं ऊन नालाकृती गवाक्षातून आत येतं, तरी खांबांमागच्या वाटा काळ्याच राहतात. कोळशाच्या चित्रात स्तूपाचा घुमट आणि त्यावरची लाकडी छत्री तेवढी पुसून काढायची, बाकी कागदाला हात लावायचा नाही.