नातवंडाला आहारशास्त्र शिकायचे आहे, तेव्हा

बारावीचा निकाल लागला की घरात प्रवेशांची चर्चा सुरू होते. अशा वेळी नात म्हणते, ‘आजी, मी न्यूट्रिशन घेणार आहे’, आणि आपल्या तोंडून सहज निघून जाते, ‘स्वयंपाकच शिकायचा तर त्याला पदवी कशाला?’ वाचकहो, हा प्रश्न विचारण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण या पदवीचा सर्वांत मोठा लाभार्थी आपल्याच वयाचा माणूस आहे.

हे शास्त्र आपल्याकडे उपरे नाही. १९११ साली जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना ‘स्त्री’ म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर अभ्यास केला. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली; आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

पदवीनंतर पहिली वाट रुग्णालयाची. तिथे आहारतज्ज्ञ नेमके काय करतो, हे मूत्रपिंडाच्या रुग्णावरून चांगले उमगते. शहाळे, केळे, टोमॅटोचे सार हे एरवी आपण कौतुकाने देतो. मूत्रपिंडे मंदावली की यांतील पोटॅशियम रक्तात साचू शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबासाठी ‘कमी सोडियमचे’ म्हणून आणलेल्या मिठातही बहुधा पोटॅशियमच घातलेले असते! अशा रुग्णाची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून कशी करावी, प्रथिने किती द्यावीत, हे तपासणीचे आकडे समोर ठेवून ठरवावे लागते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजी एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात मुळीच नाही, असे चालत नाही. दात नसलेल्या आजोबांना मऊ भात आणि पातळ वरणावर ठेवले की पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. निरोगी प्रौढासाठी भारतीय शिफारस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. साठ किलोंच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. पातळ वरणाच्या दोन वाट्यांनी ते भागत नाही.

दुसरी वाट सरकारी आणि सामाजिक कामाची. आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना, अंगणवाड्या, पोषण पुनर्वसन केंद्रे येथे या शिक्षणाचा उपयोग होतो. पदांची अर्हता मात्र त्या त्या जाहिरातीतच वाचावी. नाशिकभोवती द्राक्षे, कांदा, टोमॅटो यांवर प्रक्रिया करणारे उद्योग आहेत. तेथे पाकिटावरील पोषणमाहिती आणि गुणवत्ता पाहण्याचे काम मिळते. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांतही कामाला वाव आहे. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह असावे, ही तरतूद १९४८च्या कारखाने कायद्यात होती. अध्यापन आणि संशोधन या वाटा आहेतच. आरंभीचा पगार बेताचा असतो, हे नातीपासून लपवू नये.

प्रवेश घेताना एक गोष्ट घरातल्यांनी अवश्य तपासावी. नुसत्या पदवीवर रुग्णालयात फार पुढे जाता येत नाही. पदव्युत्तर पदविका किंवा एम.एस्सी., त्यानंतर रुग्णालयात आंतरवासिता आणि भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा, असा तो क्रम आहे. ही संघटना १९६३ साली स्थापन झाली. २०२१च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांना संलग्न आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर पावडरचे डबे विकणारेही स्वतःला ‘डाएटिशियन’ म्हणवतात. त्यांनी सुचवलेला प्रथिनांचा डबा मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या हाती पडणे धोक्याचे ठरू शकते. जो सल्ला देतो तोच डबा विकत असेल, तर मला तरी तेथून उठावेसे वाटते.

ज्येष्ठांच्या घरी जाऊन आहार आखून देणे ही या क्षेत्रातील आणखी एक वाट, आणि आपल्याला ती अधिक जवळची. अशा तज्ज्ञाला बोलावण्यापूर्वी तीन दिवस जे जे खाल्ले ते वेळेसह लिहून ठेवावे. चहातली साखर आणि प्रसादाचा पेढाही त्यात यावा. चालू गोळ्यांची यादी, अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल आणि गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटले याची नोंद जवळ ठेवावी. घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते, ती सून असो, मुलगा असो वा कामाला येणाऱ्या बाई असोत, तिला त्या वेळी आवर्जून समोर बसवावे.