दुधावरची साय आणि कायदा

दुधापेक्षा दुधावरच्या सायीला अधिक जपतात, असे आपल्याकडे म्हणतात. पण मुलगा वारला किंवा सून नांदायची थांबली, की हीच साय आजी-आजोबांना दिसेनाशी होते. तेव्हा कायदा काय म्हणतो?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत मुलाचा मुलगा आजोबांच्या मिळकतीत वारस ठरतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सज्ञान नातवाकडे पोटगी मागता येते. म्हणजे जमिनीसाठी आणि भाकरीसाठी नाते मान्य; भेटीसाठी मात्र स्पष्ट कलम नाही! विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाचा विचार केला. तो अद्याप कायद्यात उतरलेला नाही.

सरसकट हक्क द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कोणालाही, केव्हाही अशी भेट मागता येई. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एका लायक आईविरुद्ध लागू होऊ दिला नाही. हे योग्यच झाले. छळ सोसून बाहेर पडलेल्या सुनेच्या दारात त्याच सासूला कायद्याने उभे करायचे काय?

फ्रान्सची वाट मला पटते. तेथे हा हक्क म्हाताऱ्यांचा नाही, मुलाचा आहे. आजोबा-पणजोबांशी त्याचे नाते केवळ त्याच्याच हितासाठी रोखता येते. आपल्याकडे भांडणे मोठ्यांची आणि वाटण्याही मोठ्यांच्याच. आजी कोणाच्या वाट्याला, हे नातवाला कोणी विचारीत नाही. निदान कायद्याने तरी विचारावे.