टाकी आज, मासे पुढच्या महिन्यात

रंगीत माशांच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी होणारी विक्री बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते. मुलाचा हट्ट असतो. दोन फुटी काचेची टाकी पसंत पडते. फिल्टर, दिवा, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे आणि दाण्यांचा डबा घेतला जातो आणि जोडीला हवा भरून फुगवलेल्या पिशवीतून चार गोल्डफिश आणि दोन ‘शार्क’ घरी येतात. संध्याकाळी टाकी भरली जाते आणि रात्री मासे सोडले जातात. चार-पाच दिवसांत पाणी दुधाळ होते, मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि पंधरवडा सरायच्या आत एकेक मासा मरायला लागतो. दुकानदार निळे औषध देतो, मग नवे मासे देतो, तेही टिकत नाहीत. शेवटी ‘आमच्या घराला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. यात नशिबाचा काही संबंध नाही. हे मृत्यू आधी सांगता येण्यासारखे असतात आणि टाळताही येतात. रिकामी टाकी आणि जिवंत मासे एकाच दिवशी विकणे हेच त्यांचे मुख्य कारण आहे. ही पद्धत बंद व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यात काय घडते ते आधी समजून घेऊ. मासा अमोनिया टाकतो आणि तो बराचसा कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. तळाशी कुजणारी विष्ठा आणि उरलेले दाणे त्यात भर घालतात. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया प्रचंड पाण्यात विरतो, वनस्पती तो शोषतात आणि गाळातले, दगडांवरचे जीवाणू त्याचे रूपांतर करतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया माशाचे कल्ले भाजून काढतो. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते. रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले तरी आटोक्यात राहते. अमोनिया आणि नायट्राइटचे हे रूपांतर करणारे जीवाणू सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले, म्हणजे ही माहिती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या जीवाणूंची संथ वाढ सर्वांत महत्त्वाची. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाणूंना दुप्पट व्हायला अनेक तास, पुष्कळदा एखादा दिवस किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. नव्या टाकीत, नव्या फिल्टरच्या कोऱ्या स्पंजवर ते जवळजवळ नसतातच. पुरेशा संख्येने वसायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला टाकी ‘सायकल’ होणे म्हणतात. विक्रीच्या दिवशीच मासे सोडले तर तो सगळा काळ माशांना स्वतःच्याच विषात काढावा लागतो.

आपल्याकडच्या पाण्याची तऱ्हा यात आणखी भर घालते. अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू सात असेल तर नेहमीच्या तापमानाला एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे तितक्याच माशांची तितकीच घाण एका घरात सोसते आणि दुसऱ्या घरात दहापट मारक ठरते. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचे मवाळ पाणी मिळते. पण दख्खनच्या पठारावर जिथे बोअरवेलवर किंवा टँकरवर भागवावे लागते तिथे पाणी जड असते आणि सामूही पुष्कळदा चढा असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलाच पाहिजे, असे भारतीय मानक सांगते आणि आपल्या आरोग्यासाठी ते योग्यच आहे. माशांच्या कल्ल्यांना मात्र तो सोसत नाही आणि फिल्टरमधल्या जीवाणूंनाही नाही. म्हणूनच सर्वांत घातक ठरते ती स्वच्छतेची आवड. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून, खडे घासून आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुऊन ठेवणारे कुटुंब मनापासून काळजी घेत असते, पण त्याच वेळी आठवडाभर जमत आलेली वसाहत धुऊन टाकत असते. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा आणि पाणी पाव-तृतीयांशच बदलायचे, एवढे सांगायला दुकानदाराला एक मिनिट लागेल. ज्याच्या हातात मासे आधीच दिले आहेत, त्याने ते मिनिट ऐकून घेतले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

‘पूर्वी वाड्याच्या हौदात मासे असायचेच, तेव्हा कुठे होते फिल्टर आणि तपासणी?’ हा आक्षेप हमखास येतो आणि तो मनापासूनचा असतो. हौदातले, विहिरीतले मासे जगत, हे खरेच आहे. मलेरिया खाते डासांसाठी साठवलेल्या पाण्यात गप्पी सोडते आणि तेही जगतात. पण हौदात शेकडो-हजारो लिटर पाणी आणि मोजके मासे असत. भिंतींवर वर्षानुवर्षांचे शेवाळ असे, तळाशी गाळ असे आणि कुणी दाण्यांचा डबा घेऊन दिवसातून चार वेळा उभे राहत नसे. तो हौद मासे येण्याच्या कितीतरी आधी ‘सायकल’ झालेला असे. घरातल्या दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तितक्याच उंच टाकीत पाणी मावते जेमतेम पंचावन्न लिटर. जुना अनुभव माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, त्याला दुजोराच देतो.

हे समजायला पाश्चात्त्यांनाही खटपट करावी लागली. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली सुमारे बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्यांचा हिशेब होता. पण सडणारी पाने आणि शेवाळ यांनी पाणी गढूळ झाले. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या, त्यांनी सडका पाला खाल्ला आणि समतोल जमला. जीवाणूंची भूमिका तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती, पण काचेच्या भांड्यात आधी एक व्यवस्था बसवावी लागते आणि मासा त्या व्यवस्थेचा एक भाग असतो, हे मात्र वॉरिंग्टन यांना उमगले होते. त्यांची टाकी दोन माशांसाठी पन्नास लिटरहून मोठी होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आज आपल्याकडे तीन लिटरच्या गोल काचेच्या भांड्यात, ज्याला सगळे बाउल म्हणतात, तेवढेच दोन गोल्डफिश वाढदिवसाची भेट म्हणून दिले जातात. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षे सहज जगतो, त्याहून जास्तही जगतो, आणि साधी जात वीतभर लांब होते. त्या भांड्यात तो महिनेसुद्धा काढत नाही, म्हणून ‘गोल्डफिश नाजूक असतात’ असा गैरसमज पसरला आहे. रोम शहराने २००५ साली गोल्डफिश अशा गोल भांड्यात ठेवण्यावर बंदी घातली. ते अतिरेकी वाटणाऱ्यांनी तीन लिटर पाण्यात अमोनिया किती तासांत साठतो याचा विचार करावा.

दुकानदारांची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. भाडे, वीज आणि मालातली मर सोसून चालवलेला हा छोटा धंदा आहे. चेन्नईजवळच्या कोळत्तूरपासून बंगालच्या खेड्यांपर्यंत हजारो घरे रंगीत माशांच्या पैदाशीवर चालतात आणि केंद्राची मत्स्यसंपदा योजनाही या पैदाशीला मदत देते. गिऱ्हाईक उत्साहात असते तेव्हाच विक्री होते; ‘महिन्याने या’ म्हटले तर ते शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हा नियम एकट्या भल्या दुकानदारावर सोडून चालणार नाही, तो सगळ्यांना सारखा हवा. २०१७ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम जाहीर केले. त्यात दीडशेहून अधिक जातींच्या विक्रीवर गदा आली आणि व्यावसायिकांनी कडाडून विरोध केला. त्या अनुभवातून शिकण्यासारखे एवढेच की लांबलचक याद्यांपेक्षा एक साधा, तपासता येणारा नियम जास्त टिकेल. नवी टाकी विकल्यापासून महिनाभर, किंवा तपासणी त्याआधीच शून्यावर आली तर तोपर्यंत, त्या गिऱ्हाइकाला मासे विकू नयेत आणि नंतर विकताना त्याच्या टाकीतले बाटलीभर पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याचे पावतीवर लिहावे. थेंबांचे तपासणी किट टाकीच्या मानाने स्वस्त असते आणि एका किटमध्ये बऱ्याच तपासण्या होतात. धंद्याचा हिशेबही इतका उलटा नाही. ज्याचे मासे पंधरवड्यात मेले तो गिऱ्हाईक म्हणून कायमचा जातो. ज्याचे जगले तो वर्षानुवर्षे खाद्य, झाडे, मोठा फिल्टर आणि दुसरी टाकी घ्यायला येतो.

आता बाटलीतल्या जीवाणूंबद्दल. ‘आजच घाला, आजच मासे सोडा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या बाटल्या हल्ली सगळीकडे दिसतात. योग्य जातीचे जीवाणू त्यात जिवंत असतील तर मदत होते, पण बाटली गोदामात किती काळ, किती उन्हाळ्यात पडून होती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. त्याहून खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज. तो नव्या फिल्टरमध्ये लावला तर महिन्याचा काळ बराच कमी होतो. पण यातल्या कुठल्याही वाटेने गेले तरी अंतिम निकाल तपासणीच देते. उत्पादकाने बाटलीवर काय छापले आहे याला तिथे अर्थ नाही. ज्याची तपासणी दोन आठवड्यांत शून्यावर आली त्याने खुशाल तेव्हा मासे घ्यावेत. महिना हा ज्यांच्याकडे किट नाही त्यांच्यासाठीचा अंदाज आहे.

‘मासेच तर आहेत, इतके काय?’ असे म्हणणारेही आहेत आणि आपल्यासारख्या मासे चवीने खाणाऱ्या प्रदेशात हा प्रश्न स्वाभाविक आहे. खाणे आणि हेळसांड या वेगळ्या गोष्टी आहेत. लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउट माशात इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवले आणि ओठाला त्रासदायक द्रव्य टोचल्यावर तो मासा खाणे टाळतो, ओठ खड्यांवर घासतो हेही नोंदवले. या निरीक्षणांचा अर्थ कसा लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण कल्ले भाजणाऱ्या पाण्यात एखाद्या जिवाला आठवडे ठेवायचे असेल तर वादाचा फायदा त्या जिवाला मिळावा, एवढी माणुसकी मागणे जास्त नाही. याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काही जण म्हणतात, मग मासे पाळूच नका. समुद्री माशांच्या बाबतीत त्यांच्याशी माझे बरेच एकमत आहे, कारण ते आजही बहुतांशी समुद्रातून पकडूनच येतात. गप्पी, मॉली, गोल्डफिश, फायटर हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वाढवलेले आहेत. पुरेशा पाण्यात, योग्य सोबतीत ते आरोग्याने जगतात आणि पैदासही करतात. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला एक जिवंत परिसंस्था रोज जवळून पाहायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. ती टिकावी म्हणूनच हा आग्रह आहे.

तो थांबण्याचा महिनाही फुकट जात नाही. या काळात टाकीत हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियासारखी खरी झाडे लावता येतात. रोज चिमूटभर दाणे टाकून ते कुजू दिले की जीवाणूंना अमोनिया मिळतो. दर तीन-चार दिवसांनी तपासणी केली की आधी अमोनिया चढताना, मग उतरताना, पाठोपाठ नायट्राइट चढून उतरताना दिसते. पाचवी-सहावीतल्या मुलाने वहीत हा आलेख काढला तर शाळेतल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा तो खरा असेल. वीज गेल्यावर फिल्टर किती वेळ बंद राहतो हेही याच काळात कळते. भारनियमन असलेल्या गावात ही माहिती फार मोलाची आहे, कारण प्राणवायू थांबला की फिल्टरमधले जीवाणूही मरू लागतात. तिथे बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवावा. आणि मुख्य म्हणजे कोणता मासा केवढा होतो हे वाचायला वेळ मिळतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा तीन इंची रुपेरी मासा खरे तर मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास आहे आणि तो पूर्ण वाढला की मीटरभराहून लांब होतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर फूटभराचा झाला की लोक तो जवळच्या तळ्यात नेऊन सोडतात. दक्षिण अमेरिकेतले हे मासे अशाच वाटेने भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत आणि जाळी फाडून मच्छीमारांना त्रास देत आहेत. विकत घेण्याच्या दिवशी हे कुणी सांगत नाही आणि विचारायचे कुणाला सुचत नाही. चार आठवडे रिकामी टाकी समोर असली की विचारायला सुचते, आणि मग यादीतून ‘शार्क’ आणि सकर बहुधा आपोआप गळतात.