बृहत्कायांचे दप्तर

सृष्टिविचार : साप्ताहिक स्तंभ

पृथ्वीतलावर आजवर वावरलेला सर्वांत मोठा प्राणी कोणता, हा प्रश्न वरकरणी बालसुलभ कुतूहलाचा वाटला, तरी त्याचा निवाडा अखेर पुराव्यावरच होतो. आणि पुरावा सापडणे ही जितकी दैवाची, तितकीच तो सांभाळणे ही समाजाच्या आस्थेची आणि शिस्तीची गोष्ट असते.

१८९१ साली आयर्लंडमधील वेक्सफर्डजवळ वाळूत रुतून मेलेल्या निळ्या देवमाशाच्या मादीचा सांगाडा लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने विकत घेतला, जपला, आणि २०१७ पासून २५ मीटर लांबीचा तो अस्थिपंजर तेथील मुख्य दालनात छताला टांगलेला आहे. ज्याला शंका असेल त्याने जावे आणि मोजून पाहावे. भूचरांतील अर्जेंटिनोसॉरस या महाकाय डायनोसॉरची हकिकतही अशीच. १९८७ मध्ये अर्जेंटिनातील एका पशुपालकाला आपल्या रानात त्याच्या पायाचे हाड दिसले, ते आरंभी अश्मीभूत लाकडाचा ओंडका वाटले. पण ते संग्रहालयात पोहोचले, तज्ज्ञांनी तपासले, आणि १९९३ मध्ये त्या प्राण्याचे शास्त्रीय नामकरण झाले. गुडघ्याखालच्या त्या हाडाची लांबी १.५५ मीटर भरते.

आपल्या देशात काय घडले? तमिळनाडूत, तेव्हाच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील कल्लमेडू येथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांना क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरच्या खडकांत प्रचंड हाडे मिळाली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बृहत्कायोसॉरस या नावाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात गुडघ्याखालच्या नळीची लांबी नोंदली होती दोन मीटर! हा आकडा ग्राह्य धरून अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्या प्राण्याचे वजन १०० टनांच्या पलीकडे, म्हणजे थेट देवमाशाच्या पंक्तीला नेऊन बसवले; तर ते हाड नसून अश्मीभूत लाकूडच असावे, अशी शंका इतरांनी घेतली. शंका तीच, जी अर्जेंटिनातील हाडाविषयी आली होती. परंतु तेथे ती प्रत्यक्ष हाडाने मिटवली, येथे मिटवण्यास हाडच उरलेले नाही. ती ठिसूळ हाडे भुगा होऊन नष्ट झाली, आणि मागे राहिली केवळ काही रेखाचित्रे व छायाचित्रे.

यात व्यक्तींना दोष देण्याचे प्रयोजन नाही. कोट्यवधी वर्षे भूमीत दडलेले हाड उघड्यावर आले की तडकू लागते. त्यात जागच्या जागी चिकट द्रव्य मुरवून, गोणपाट आणि प्लास्टर यांचे जाड वेष्टन चढवून, ते कोरड्या कोठारात न्यावे लागते, आणि हे सर्व पुढल्या पावसाळ्यापूर्वी उरकावे लागते. त्यासाठी लागणारी माणसे, पैसा आणि जागा यांची तजवीज आधीच असावी लागते.

जतनाचे मोल दाखवणारे उदाहरणही आपल्याकडे आहे. १८२८ मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेले डायनोसॉरचे मणके, ज्यांवरून १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिले गेले, दीर्घकाळ गहाळ समजले जात होते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशीष सेन यांना त्यांतील एक मणका कोलकात्यात सर्वेक्षणाच्याच संग्रहात गवसला. दप्तरी दाखल झालेली वस्तू विस्मृतीत गेली तरी परत मिळू शकते; दाखलच न झालेली कायमची जाते.

हा प्रश्न महाराष्ट्राचाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या शिवारातून महाकाय डायनोसॉरांची हाडे एकोणिसाव्या शतकापासून मिळत आली आहेत. गडचिरोलीतील सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचे नाव ज्या खडकस्तराला मिळाले, त्याच स्तरातील बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारशाच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, हे योग्यच झाले. परंतु मनाई आणि दंड यांच्या कलमांनी हाडे टिकत नाहीत. जीवाश्म सापडणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात एक कोरडे कोठार, एक प्रशिक्षित रक्षक, कोणत्याही अभ्यासकाला खुली असलेली नोंदवही, आणि मोठे हाड मिळताच त्याच हंगामात त्याचा साचा घेण्याचा दंडक, इतकी व्यवस्था सरकारने करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून जपले गेले म्हणून मराठ्यांचा इतिहास साधार लिहिता आला. भूगर्भातील दप्तराला तीच निगा देणे आपले कर्तव्य आहे, आणि त्याचा आरंभ विदर्भातून व्हावा.

— संशोधक