जुन्या फायली उघडणार कोण?

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवणे ही आता फारशी अवघड गोष्ट राहिलेली नाही. 'पुढे', 'मान्य आहे', 'पुढे' अशी बटणे दाबत गेले की दहा मिनिटांत काम होते. पण नवे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर जुन्या आवृत्तीत तयार केलेल्या फायलींचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता. त्याची हकीकत तुम्हांला सांगते, कारण त्यावरून माझे एक मत बनले आहे आणि ते तुमच्यापुढे मांडायचे आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. मी तेथेच विद्यार्थिनी असताना, म्हणजे 1998 साली, पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून तो संगणकात भरण्याची पद्धत सुरू झाली. जून ते सप्टेंबर हे 122 दिवस. 2006 पर्यंत नऊ पावसाळे झाले. म्हणजे 1098 नोंदी. त्या 'ॲक्सेस 97' या डेटाबेसमध्ये होत्या. कागदी वह्या पुढे एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या. शेवटच्या एका वहीची काही पाने तेवढी उरली. 2023 साली एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी ही माहिती हवी झाली. फाईल होती, संगणक नवा होता, ॲक्सेसची आवृत्तीही नवी होती. फाईल मात्र उघडेना.

यात गूढ काही नाही. ॲक्सेस 97 ची 'एमडीबी' फाईल आणि 2007 च्या आवृत्तीपासून आलेली 'एसीसीडीबी' फाईल यांची आतली मांडणी निराळी आहे. 2010 पर्यंतच्या आवृत्त्या 97 ची फाईल उघडून नव्या रूपात बदलून देत; 2013 च्या आवृत्तीपासून ती सोय राहिली नाही. म्हणजे फाईल बदलून घ्यायला आम्हांला कित्येक वर्षे मिळाली होती. ती आम्ही घालवली. दोष आमचाच.

अडगळीतल्या कपाटात 2010 च्या आवृत्तीची तबकडी, तिच्या परवान्याच्या क्रमांकासह, सापडली हे नशीब. ती नव्या संगणकावर बसेना, कारण तेथील सॉफ्टवेअर 64 बिटी आणि हे 32 बिटी. ही दोन एकत्र नांदत नाहीत. शेवटी प्रयोगशाळेतला एक जुना संगणक पुसून घेतला. मूळ फाईलच्या आधी दोन नकला काढल्या, मूळ फाईल बाजूला ठेवली आणि नकलेवरच काम केले. (हे न करता थेट मूळ फाईलवर हात टाकणाऱ्यास मी प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाही.) नकल उघडली, नव्या रूपात साठवली. पाच मिनिटांचे काम. विद्यार्थी आनंदाने टाळ्या वाजवू लागला.

मी त्याला म्हटले, "थांब, मोजून बघ."

उष्णतेच्या प्रयोगात तुम्ही गरम पाण्याने दिलेली उष्णता आणि थंड पाण्याने घेतलेली उष्णता यांचा मेळ घालता ना? तसेच येथे करायचे. रूपांतरापूर्वी नोंदी 1098, नंतरही 1098 हव्यात. प्रत्येक वर्षाच्या पावसाची बेरीज आधी आणि नंतर तीच यायला हवी. उरलेल्या वहीच्या पानांशी काही दिवस पडताळून पाहायचे. आणि रिकाम्या जागा मोजायच्या. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'पाऊस शून्य' आणि 'नोंद घेतलीच नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, जुलैच्या 31 दिवसांपैकी 25 दिवस पाऊस मोजला आणि तो एकूण 310 मिलिमीटर भरला. सरासरी आली 12.4. आता सहा रिकाम्या जागी रूपांतरात शून्य पडले, तर सरासरी होते 10. बेरीज तीच, नोंदी तेवढ्याच, आणि तरी उत्तर चुकले! जुन्या डीबेस फायलींत हा धोका विशेष असतो, कारण आकड्याचा रकाना रिकामा सोडला तर वाचणारा प्रोग्राम त्याला शून्य समजू शकतो.

आमचे आकडे जुळले. पण 'शेरा' या रकान्यात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती खिचडी दिसत होती. असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी पुष्कळ मराठी फॉन्टांत अक्षराचा अर्थ साठवला जात नसे, फक्त आकार साठवला जाई. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर काना, वेलांटी, अर्धा 'क' असे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की मागची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. शिवाय क्रमही निराळा. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून त्या फॉन्टांत ती आधी साठवीत. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी येते. 'पर्जन्य'मधल्या रफाराचे याच्या उलट. म्हणून एक अक्षर काढून दुसरे घातले, इतक्यावर भागत नाही. हे रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण त्यांनी दिलेला मजकूर माणसाने वाचावाच लागतो.

आमचे एक सहकारी म्हणाले, "शेरे सोडून द्या. आकडे मिळाले ना? आणि तसे पाहिले तर हवामान खात्याकडे सगळे आहेच की!" मला हे पटले नाही. 26 जुलै 2005 च्या त्या पावसात मुंबईतच सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंद झाली, तर कुलाब्याला अवघी 73. एकाच शहरात हा फरक! मग आमच्या आवारात किती पडला, हे आमच्या पर्जन्यमापकाशिवाय कोण सांगणार?

शेरे दोन विद्यार्थ्यांनी बसून उलगडले. त्यांत जुलै 2005 मधली एक नोंद होती. आकडा होता 200 मिलिमीटर, अगदी बरोबर 200. शेरा निघाला, "बाटली भरून वाहत होती." आमच्या मापकाचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे आणि आतली बाटली 4 लिटरची. भागाकार करून पाहा, 20 सेंटिमीटर येतात, म्हणजेच 200 मिलिमीटर. तो पाऊस 200 नव्हता. 200 च्या वर कितीतरी होता, आणि सांडलेले पाणी कोणी मोजू शकले नव्हते. शेरा फेकून दिला असता तर हा चुकीचा आकडा प्रकल्पात खरा म्हणून गेला असता.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. डेटाबेस कसा बनवावा हे विद्यार्थ्याला शिकवताना जुनी फाईल नव्या रूपात कशी आणावी आणि ती तपासावी कशी, हेही त्याच तासाला शिकवले पाहिजे. आणि शाळा-महाविद्यालयांनी कोणतीही नोंद केवळ एकाच सॉफ्टवेअरला कळेल अशा रूपात ठेवू नये. डेटाबेस जरूर वापरा, शोधायला आणि बेरजा करायला त्यासारखे साधन नाही. पण दरवर्षी त्याची एक साधी नकल काढा: स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, युनिकोडमधली, कोणत्याही संगणकावर उघडणारी. सोबत एक पानभर टिपण हवे, कोणता रकाना कशाचा, एकक कोणते, रिकामी जागा म्हणजे काय. डेटाबेसच हवा असेल तर एसक्यूलाइटसारखा निवडावा; त्याच्या फाईलची रचना जाहीर आहे आणि 2050 पर्यंत ती चालू ठेवण्याचा त्याच्या कर्त्यांचा संकल्प आहे.

यावर कोणी म्हणेल की साध्या नकलेत फॉर्म, अहवाल, तक्त्यांचे परस्परसंबंध हे सारे हरवते. हे खरे आहे, आणि ते मला टाळता आलेले नाही. आमचा छापील अहवाल देणारा जुना फॉर्म गेलाच. पण फॉर्म पुन्हा बनवता येतो. 2005 च्या जुलैतला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

आता आमच्या 1098 नोंदी त्या साध्या रूपात तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, मूळ एमडीबी फाईलसह. 200 च्या त्या आकड्यापुढे 'किमान' असा एक नवा रकाना जोडला आहे. सुमारे चाळीस शेरे अजून उलगडायचे राहिले आहेत. रफार असलेले शब्द फार त्रास देतात.