व्हीआर चष्मा, उस्ताद आणि रिद्धपूरचं विद्यापीठ

रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं तेव्हा बहुतेकांनी हस्तलिखितांविषयी आणि लीळाचरित्राविषयी लिहिलं. ते योग्यच. माझी त्या विद्यापीठाकडे मागणी जरा वेगळी आहे, काही जण हसतीलही. कॉम्प्युटरला व्हीआर हेडसेट कसा जोडायचा, आणि जोडूनही चालला नाही तर काय काय बघायचं, हे कुणीतरी धड मराठीत लिहून काढावं.

रिद्धपूरला माझी बहीण राहते. भाच्याने सेकंडहँड हेडसेट आणला. गेमिंग लॅपटॉप होताच. जोडल्यावर डोळ्यांपुढे अंधार आणि इंग्रजीत दोन ओळी. पोरगा उर्दू शाळेतून मराठी कॉलेजात गेलेला. त्या दोन ओळींपुढे त्याची उर्दूही चालेना, मराठीही. मला म्हणाला, "मामू, हे आपल्याशी बोलतंय की दुसऱ्याच कुणाशी?"

भानगड साधी होती. त्याने मोबाइलची चार्जिंग केबल लावली होती. अशा बऱ्याच केबलींतून वीज नीट जाते, पण डेटा रखडत जातो. हेडसेटला यूएसबी ३ च्या वेगाची केबल लागते. ती आणली तर चित्र दिसलं, पण अडखळत. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं बारकं आणि एक वेगळं दणकट. विंडोजने काम बारक्याच्या गळ्यात घातलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते दणकट्याकडे दिलं. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही की मान वळते, समोरचं जग मागे रेंगाळतं आणि पोटात ढवळायला लागतं. पोरं गेमला नाहीतर स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात. दोष बऱ्याचदा उशिरा पोचणाऱ्या चित्राचा असतो. वायफायवर खेळायचं असेल तर लॅपटॉप राउटरला वायरने जोडावा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा आणि राउटरच्याच खोलीत खेळावं.

आमच्या वऱ्हाडासाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत छापायला हवी. हेडसेट उन्हात ठेवू नका. भिंगाने आपण लहानपणी कागद जाळायचो, तसंच आतल्या भिंगांतून शिरलेलं ऊन स्क्रीनवर कायमचा डाग पाडतं. खिडकीपाशी क्षणभर ठेवला तरी पुरे. पण म्हणून खोली अंधारी करूनही भागत नाही. हेडसेटचे कॅमेरे भिंती आणि सामान बघूनच आपण कुठे आहोत ते ओळखतात. मोठ्या आरशाने ते गोंधळतात. बहिणीच्या कपाटाला आरसा आहे, त्यावर चादर टाकली.

यातलं काय मराठीत सांगता येत नाही? विंडोज मराठीत मिळतं. ज्या स्टीमवरून पोरं गेम घेतात त्याच्या भाषांच्या यादीत थाई आहे, व्हिएतनामी आहे, बल्गेरियनही आहे. मराठी नाही. हा शौक आहे, चार पोरांचं खेळणं आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण याच चष्म्यावर आता वेल्डिंगचा सराव करतात, ऑपरेशनचाही. उद्या तो आयटीआयच्या वर्गात आला तर अंधार झाल्यावर काय करायचं हे इंग्रजी येणाऱ्यालाच कळणार, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसणार.

मोबाइल आणि कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानांत आपली किती पोरं बसलेली आहेत ते अमरावतीच्या बाजारात बघा. हुन्नर आहे, हाताला सफाई आहे. ती उस्तादाच्या शेजारी बसून, अर्ध्या मराठी अर्ध्या उर्दू बोलीत शिकलेली. त्यातलं कागदावर कुणी काही उतरवलं नाही. उस्ताद गेला की तेवढी विद्या गेली. आपण भाषेवर भांडतो ते शाळेच्या माध्यमावरून. या दुकानांची भाषा कुठली, हा प्रश्न आपल्या सभांत येत नाही.

नागदेवाचार्यांना केशिराजांनी संस्कृतात लिहू का विचारलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं. संस्कृत आलं तर आपल्या म्हाताऱ्या बायकांना काही कळणार नाही, हे त्यांचं कारण. तेराव्या शतकातला हा निर्णय मला आजही धाडसी वाटतो. पुढे त्याच पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. भाषा मराठी राहिली, पण किल्ली घरच्यांकडेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांनी कुलूप उघडलं तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की आपल्याकडे एवढं जुनं गद्य आहे.

त्यामुळे परिभाषा समितीवाल्यांना आत्ताच विनवतो, 'आभासी वास्तव शिरोधार्य उपकरण' असलं काही काढू नका. तीही सांकेतिक लिपीच. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून लीळा जमवल्या. तसं विद्यापीठाने चार विद्यार्थी महिनाभर अशा दुकानांत बसवावेत. उस्ताद गिऱ्हाइकाला जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत उतरवावं, वर त्याचं नाव घालावं आणि फुकट वाटावं. कॅमेऱ्यांना खोली ओळखू येईनाशी होते, त्याला इंग्रजीत ट्रॅकिंग जाणं म्हणतात. भाचा म्हणतो, "चष्मा भटकला." मला तो शब्द छापलेला हवा आहे.