गोधडीच्या किमतीत दहा दिवसांची मजुरी धरा

यंदाच्या दिवाळीच्या विक्रीत आमच्या गटाच्या मोठ्या गोधडीची किंमत ४,५०० रुपये असेल. पाच बाय सात फूट, सुती कापड, सगळी शिवण हाताची. भाव ऐकून लोक दचकतील हे मला ठाऊक आहे. तरी ही किंमत आम्ही उतरवणार नाही. का उतरवणार नाही, ते उघडपणे सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

मी खजुरीची. आळंद तालुक्यातलं आमचं गाव कर्नाटकात आहे, पण उमरग्याच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की महाराष्ट्राची हद्द लागते. घरात मराठी, बाजारात कानडी, असं आमचं जगणं. शिवणकाम हा माझा व्यवसाय. मशीनवर ब्लाउज, परकर, झबली शिवते; गोधडी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. आमच्या गटात मराठी, कानडी, लमाणी आणि मुसलमान घरांतल्या बायका आहेत. दिवाळीच्या आधी आम्ही गोधड्या, दुपटी, कुंच्या, क्रोशाची तोरणं, लोकरीची टोपडी असा माल विक्रीला नेतो.

आता हिशेब. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या मजुरीचा दर कर्नाटकात दिवसाला ३७० रुपये ठरला, महाराष्ट्रात ३१२. माती उचलणाऱ्या हाताला सरकारनं ठरवलेला हा दर आहे. एका मोठ्या गोधडीला दाट शिवण घालायची तर एका बाईचे पुरे ८० तास जातात. आठ तासांचा दिवस धरला तर दहा दिवस. दहा दिवसांचे ३,७०० रुपये, कापड आणि दोऱ्याचे ८००, मिळून ४,५००. महाराष्ट्राच्या दरानं मांडलं तर ३,९२०. यात नफा नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही, विक्रीच्या जागेचं भाडं नाही. कसबी हाताला आम्ही साध्या मजुरीचाच भाव लावला आहे, त्याहून एक रुपया जास्त नाही.

आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? “मावशी, बाराशेला द्या.” बाराशेतून सामानाचे ८०० वजा केले की उरतात ४००. दहा दिवसांचे ४००, म्हणजे दिवसाला ४० रुपये, तासाला पाच. आजवर गोधडी अशीच विकली गेली आहे. मागणारा माणूस वाईट नसतो. त्याला समोर कापड दिसतं, त्यामागचे तास दिसत नाहीत. ते दिसावेत अशी सोय विकणाऱ्यांनी आणि विक्री भरवणाऱ्यांनी केली पाहिजे.

गोधडी होते कशी, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली अस्तर ताणून अंथरायचं. त्यावर जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर. थरांवर गोधडीची ऊब ठरते, पण थर जास्त झाले की सुई आत शिरत नाही. वर रंगीत तुकड्यांची जोडणी. चारी कडा दुमडून आधी लांब लांब टाके घालायचे, म्हणजे शिवताना थर सरकत नाहीत. मग धावदोरा. काठापासून सुरू करून चारी बाजूंनी फिरत आत मध्याकडे यायचं. दोन ओळींत बोटाचं अंतर ठेवायचं, बाळाच्या दुपट्यात त्याहून कमी. ओळी जितक्या जवळ तितकी गोधडी टिकते, कारण धुतल्यावर आतले थर गोळा होत नाहीत. हे सगळं जमिनीवर बसून, पाठ वाकवून, मधल्या बोटात अंगुस्तान घालून चालतं. पन्नाशीनंतर मान दुखते, अंगठा दुखतो. आमच्या घरात शेवटची ओळ मिटवण्याआधी मधोमध पोळीचा तुकडा ठेवायची पद्धत होती. गोधडीचं पोट रिकामं राहू नये, अशी भावना. विकायच्या मालात आम्ही तसं करत नाही, कीड लागेल म्हणून. पण ज्या वस्तूचंसुद्धा पोट भरायचा विचार या बायांनी केला, ती शिवणाऱ्या बाईचं पोट त्या वस्तूवर भरू नये, हे मला पटत नाही.

पूर्वी कापड घरचंच असायचं. आता घराघरांतली सुती लुगडी संपली. पॉलिस्टरच्या साडीवर सुई घसरते, थर हलतात आणि ती गोधडी अंगावर घेतली की घाम येतो. चांगल्या मालाला सुती कापड विकत घ्यावं लागतं. शिवाय आमच्याकडे गोधडी शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. तुरीची रास झाली, रानातली कामं आटपली की बायांना दुपार मोकळी मिळते. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी चालू असते, तेव्हा सुई हातात धरायला कुणाला सवड नसते. म्हणजे कापडाचे पैसे एप्रिलमध्ये घालायचे आणि विक्रीचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघायचे. मधले सहा महिने पैसा अडकून पडतो. आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी गृहलक्ष्मी योजनेच्या महिना २,००० रुपयांतून कापड घेतलं. पलीकडे महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे १,५०० येतात, तिथल्या बायाही त्यातून असंच काही उभं करतात. म्हणून कुणी “आता तुम्हाला सरकार घरबसल्या पैसे देतंच की” असं म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. ते पैसे आधाराचे आहेत. कामाची मजुरी ही वेगळी गोष्ट आहे, ती काम घेणाऱ्यानं द्यायची असते.

गटातल्या सगळ्याच वस्तू तोट्यात जातात असं नाही. कुंची, टोपडं, झबलं आणि दुपटं असा बाळंतविडा मशीनवर अर्ध्या दिवसात होतो. सामान २०० चं, अर्ध्या दिवसाची मजुरी १८५, आणि ४०० ला तो हातोहात जातो. बारशाला न्यायच्या वस्तूत लोक घासाघीस करत नाहीत. उलट क्रोशाचं तोरण घ्या. दाराच्या मापाचं, जरा नक्षीचं तोरण विणायला दीड-दोन दिवस जातात आणि भाव होतो २५० चा. लोकरीच्या टोपड्या-मोज्यांचीही हीच गत. त्यात आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकानं ध्यानात ठेवावी: बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतो तो बहुतेक ॲक्रिलिकचा धागा असतो. बाळासाठी घेताना धागा कसला, आत सुती अस्तर आहे का, हे विचारा. विणणाऱ्या बाईला ते सांगता आलं पाहिजे.

पुष्कळ लोक म्हणतात, पानिपतचं ब्लँकेट तीनशे-चारशेला मिळतं, मग गोधडी कशाला? ज्याला ब्लँकेट पुरतं त्यानं जरूर घ्यावं. ती वस्तू वेगळी, हातगोधडी वेगळी. माझं म्हणणं एवढंच की यंत्रावर शिवलेली, आत पॉलिस्टरचा भराव घातलेली रजई ‘हातची गोधडी’ म्हणून विकू नये आणि घेऊ नये. ओळखायची खूण सोपी आहे. उलटून बघा. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून येते, टाके किंचित लहानमोठे असतात. मशीनची शिवण दोन्ही अंगांनी सलग दिसते. ही खूण लोकांना कळली तर हाताच्या कामाची निम्मी लढाई जिंकली जाईल.

उरलेली लढाई नावाची आहे. आमच्या शेजारच्या बिदरचं बिद्री काम बघा. ते ओळखलं जातं, कारागिराच्या नावानं विचारलं जातं. बिद्री कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या भागातल्या सगळ्यांची मान उंचावली. बल्लारीकडच्या संडूरच्या लमाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी संडूरच्या लमाणी बायांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. आमच्या कलबुर्गी जिल्ह्याच्या तांड्यांवरही तसंच आरसे-कवड्यांचं भरतकाम करणारे हात आहेत. फरक हातांत नाही. संडूरला संडूर कुशल कला केंद्र नावाची संस्था वर्षानुवर्षं पाठीशी उभी राहिली, तिनं बायांना सतत काम दिलं. वर्षातून एकदा टेबल मांडून कुठलीच कला जगत नाही.

गोधडीला जगात मान नाही असंही नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायांच्या गोधड्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गरीब काळ्या स्त्रियांनी १९६६ मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था काढली. त्या भागातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्या बायांच्या वाटचालीत आमच्यासाठी एक इशाराही आहे. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या तेव्हा माल एकसारखा हवा होता. हाताला सुचेल ती जोडणी त्यात बसत नव्हती. आम्हालाही शंभर सारख्या गोधड्यांची मागणी नको. त्यापेक्षा पुण्या-सोलापूरची माणसं आपल्या आईच्या सुती साड्या आणून देतात आणि “यांची गोधडी करून द्या” म्हणतात, ते काम आम्हाला प्रिय आहे. कापड त्यांचं, मजुरी आमची, आणि घासाघीस जवळजवळ नाही. आईच्या साडीची किंमत त्यांना कळते, म्हणून शिवणाऱ्या हाताचीही कळते.

माझी मागणी तीन ठिकाणी आहे.

पहिली विक्री भरवणाऱ्यांकडे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायचा नियम करा: कापड कसलं, हाताची शिवण की मशीनची, किती दिवस लागले, शिवणारीचं नाव काय. नव्या गटाकडून जागेचं भाडं आगाऊ घेऊ नका, विक्रीतला ठरावीक हिस्सा घ्या. माल खपला नाही तर निदान पदरचे पैसे जाणार नाहीत.

दुसरी दोन्ही सरकारांकडे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, त्याला अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. चांगलं आहे. पण गोधडी शिवणारीची अवजारं म्हणजे सुई, कातर आणि अंगुस्तान. तिला हवं आहे ते उन्हाळ्यात कापड-दोऱ्याचं भांडवल, दिवाळीनंतर फेडता येईल असं. बचत गटांसाठी कर्नाटकात ‘संजीविनी’ आहे, महाराष्ट्रात ‘उमेद’ आहे. दोघांनी मिळून सीमेवरच्या तालुक्यांसाठी एक सोय करावी: आळंदच्या गटाला उमरग्याच्या दिवाळी विक्रीत आणि उमरग्याच्या गटाला आळंदच्या विक्रीत हक्कानं जागा मिळावी. आम्हाला उमरगा कलबुर्गीपेक्षा कितीतरी जवळ आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. राज्यं वेगळी झाली, दोन्हीकडच्या बायांची शिवण तीच राहिली.

तिसरी मागणी आम्हा शिवणाऱ्या बायांकडेच. ‘फावल्या वेळात केलंय, काहीही द्या’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. दुपारी सुई हातात घेतलेली बाई त्या वेळात झोपलेली नसते. तिची दुपार कामाची असते आणि कामाला दर असतो. गटातल्या एकीनं हजारात दिली की शेजारणीच्या गोधडीचाही भाव हजारच होतो. म्हणून दर सगळ्यांनी बसून ठरवावा, लिहून ठेवावा आणि पाळावा.

ज्यांना ४,५०० परवडत नाहीत त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी दुपटं घ्यावं, उशीचा अभ्रा घ्यावा, तोरण घ्यावं; प्रत्येकाच्या चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतील. मोठी गोधडी घ्यायची ऐपत असेल त्यांनी मात्र ती पूर्ण किमतीला घ्यावी, पुढं शिवण उसवली तर आम्ही दुरुस्त करून देऊ. आणि विकली गेली नाही तर? टोमॅटो सडतो म्हणून शेतकऱ्याला संध्याकाळी मिळेल त्या भावात बाजार सोडावा लागतो. गोधडीला तशी घाई नाही. ती घडी घालून घरी न्यायची, पुढच्या दिवाळीला परत मांडायची, आणि तोवर मजुरीचा दर वाढला असेल तर चिठ्ठीवरचा आकडाही वाढवायचा.